नाक्यावरून दिसलेलं बीकानेर

एकवीस वर्षं मी जकात नाक्यावर काढली. कुठल्या महापालिकेच्या ते सांगत नाही, नाहीतर जुने सहकारी फोन करकरून जीव घेतील.

लेकीच्या पीएचडीच्या निमित्तानं जानेवारीत बीकानेरला गेलो. ती राजस्थान राज्य अभिलेखागारात बसणार, आम्ही नवरा-बायको किल्ला बघणार, भुजिया खाणार असा बेत होता. (त्या भुजियात मटकीचं पीठ असतं, हे तिथं गेल्यावर कळलं.) दुसऱ्याच दिवशी लेक म्हणाली, "बाबा, आज जकातीच्या वह्या बघायच्यात. येताय का?" झालं! किल्ला हिनं एकटीनं पाहिला.

हे अभिलेखागार १९५५ साली जयपूरला सुरू झालं आणि १९६० मध्ये बीकानेरला आलं. महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर आधी पुरंदरच्या तहाचा १६६५चा फारसी कागद दाखवला. तेवीस किल्ले दिल्याचा तो कागद. त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढावा की नाही, मला काही ठरवता येईना.

मग वह्या. तिकडे त्यांना 'बही' म्हणतात. लांबट, अरुंद, एका बाजूला शिवलेल्या. पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे असतात, इथं बस्ते. आत काय काय असावं! राजघराण्यातल्या लग्नांचा खर्च 'ब्याव बही'त, बांधकामावरच्या कारागिरांची मजुरी 'कमठाणा बही'त, दरबारातून सुटलेल्या हुकमांच्या नकला 'कागद बही'त. चुलीच्या धुरावरसुद्धा कर होता, 'धुआँ' नावाचा. घरातून धूर निघाला की घर धरलं. आमच्या मालमत्ता करवाल्यांना एवढं साधं कधी सुचलं नाही.

भाषा मारवाडी, अक्षर घसटतं, शब्द तोडलेले नाहीत. मी मोडीचा वर्ग केलाय तेवढा. पहिला तासभर ठणठणाट. मग रकमांकडे नजर गेली. रुपयाच्या आकड्यापुढे उभी रेघ. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. अरे, ही तर आमच्या आजोबांच्या वहीतली रीत! तिथून गाडं सुटलं. तारीख, असामी, माल, रक्कम. आमच्या पावतीपुस्तकात ट्रकचा नंबर असायचा आणि इथं उंट, एवढाच काय तो फरक. एका पानावर शाई तिरपी धरली तर चमकत होती. ओली अक्षरं सुकवायला टाकलेली बारीक वाळू अजून चिकटून होती. वाळूची टंचाई तशीही तिथं नसावी म्हणा.

वाळवंटात शेतसारा तो किती मिळणार? त्यामुळे राज्याची भिस्त वाटेवरच्या मालावर. मुलतान एकीकडे, दिल्ली दुसरीकडे, खाली पाली आणि गुजरात. मधल्या वाटा बीकानेरच्या मुलखातून जायच्या. १८०८ मध्ये काबूलला निघालेला इंग्रजांचा वकील एल्फिन्स्टनही इथूनच गेला. पुढे पुण्यात पेशव्याच्या उरावर बसला तो हाच. वाट बदलली की नाका ओस पडला, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणून राजे सावकारांना जकातीत सूट देऊन आपल्या मुलखात बोलवत. कागद बहीत अशा सवलती सापडतात, असं लेकीनं सांगितलं. पुढे रेल्वे आली, समुद्रावरचा व्यापार वाढला आणि तीच माणसं कलकत्ता, मुंबई, वऱ्हाड गाठून बसली.

पण एक गोष्ट मला त्या वह्यांत पहिल्या दिवसापासून खटकत होती. नाक्यावरची वही म्हणजे व्यापारी जे बोलला ते. आमच्याकडे बिलावर 'मशिनरी पार्ट' असायचं, ताडपत्रीखाली काय ते देव जाणे. सावकाराचं खरं पोट त्याच्या स्वतःच्या बहीत. ती लिहायची मुडिया लिपीत, काना-मात्रा न देता. 'काका अजमेर गया' असं लिहिलेलं घरच्यांनी 'काका आज मर गया' असं वाचून रडारड केली, हा मारवाड्यांचाच जुना विनोद. दुसऱ्याला वाचताच येऊ नये अशी वही, तीही घरातल्या कपाटात. सरकारी बस्त्यात ती येणार कशी?

आमच्या गावात, वऱ्हाडात, एका शाळासोबत्याची पेढी होती. मूळ बीकानेरकडचं घराणं. दिवाळीत लाल चोपड्यांची पूजा व्हायची तेव्हा आम्ही पेढ्यांसाठी दारात उभे असायचो. बीकानेरहून त्याला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या आजोबांच्या वह्या आहेत का रे अजून?"

"कुठल्या? माळ्यावरच्या होय? बंबात गेल्या की. तीन हिवाळे पुरल्या." मग थोडं थांबून म्हणाला, "पाणी मात्र झकास तापायचं, हां."