तुम्ही विचारलंत म्हणून: आसनांचे फोटो टाकणं का थांबवलं?

"पूर्वी रोज आसनाचा फोटो टाकायचात, आता दिसत नाहीत?" वर्गात, फोनवर, कुणाच्या घरच्या कार्यातसुद्धा हे विचारलं जातं. योग सुटला की काय, कुठे दुखलंखुपलं की काय, अशी काळजी त्यामागे असते. योग सुटलेला नाही. दुखलं मात्र होतं, म्हणून तिथूनच सांगते.

नटराजासन. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय मागून उचलून हाताने धरायचा. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला, टायमर दहा सेकंदांचा. बटण दाबून मॅटवर धाव घ्यायची, पाय धरायचा, पोट आत ओढायचं, श्वास रोखायचा, चेहरा शांत करायचा. मग जाऊन बघायचं. पाय थोडा खालीच दिसतोय, म्हणून पुन्हा. एका सकाळी असे सतरा फोटो काढले. सतराव्यात पाय डोक्याच्या वर पोचला होता, पण खांदे आणि छाती मोकळी झालेलीच नव्हती, सगळा ताण कमरेने घेतला होता. फोटोत ते कळत नाही. पुढचे तीन आठवडे जमिनीवरचं काही उचलायला वाकले की कळायचं.

त्या फोटोचं खूप कौतुक झालं. श्वास चालू होता का, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं?

त्याच दिवसांत माझं शवासनही बिघडलं. फोन शेजारी पालथा ठेवलेला असायचा. त्याची थरथर जमिनीतून पाठीला लागायची आणि मी डोळे मिटून मोजत पडायची.

पतंजलींनी योगसूत्रांत आसनाची व्याख्या केली ती एवढीच: स्थिरसुखमासनम्. स्थिर आणि सुखाचं असेल ते आसन. ते साधायचं कसं, तर पुढच्याच सूत्रात पहिला उपाय प्रयत्न सैल सोडण्याचा दिलाय. माझ्या सतराव्या फोटोत स्थैर्य क्षणभराचं होतं, सुख नव्हतंच, आणि प्रयत्न तर दातओठ खाऊन चालला होता. हठयोगावरचा जुना ग्रंथ हठप्रदीपिका आणखी कडक बोलतो: 'भवेद्वीर्यवती गुप्ता निर्वीर्या तु प्रकाशिता'. ही विद्या झाकून ठेवली तर तिचं बळ राहतं, उघडी केली तर जातं. पूर्वी मला हा जुन्या काळचा आडपडदा वाटायचा. आता त्या ओळीपाशी मी थांबते.

तरी दोष फोटोला देणार नाही. अय्यंगार गुरुजींचे गुरू कृष्णमाचार्य यांच्या १९३४ सालच्या 'योग मकरंद'मध्ये आसनांची छायाचित्रं आहेत. अय्यंगार गुरुजींचं स्वतःचं 'लाइट ऑन योगा' १९६६मध्ये आलं, त्यात सुमारे ६०० आहेत. जवळ गुरू नसलेले कितीतरी लोक ती बघून टाच कुठे, गुडघा कुठे हे शिकले. मीही शिकले. ती छायाचित्रं शिकणाऱ्यासाठी काढलेली होती. माझी माझ्यासाठी होती.

आणि कुणीतरी आपल्याकडे बघावं, ही इच्छाही मला वाईट वाटत नाही. पहिल्यांदा कोलांटी जमलेलं मूल आधी "आई, बघ!" म्हणून ओरडतं. मला योग शिकवणाऱ्या बाई कधी 'वा' म्हणाल्या नाहीत. मागून यायच्या, खांद्याच्या पात्यावर दोन बोटं ठेवायच्या आणि खांदा आपोआप खाली उतरायचा. बाईंनी आपल्याला पाहिलंय, हे त्या दोन बोटांतून कळायचं. बाई गेल्यावर मी तेच फोनमध्ये शोधत होते, हे फार उशिरा लक्षात आलं. लाइकने माझा खांदा कधी खाली आणला नाही.

२०२१मध्ये इन्स्टाग्रामने लाइक्सचा आकडा लपवायची सोय सगळ्यांना दिली. मी लगेच लपवला. आठवडाभर बरं वाटलं. मग एका रात्री लाइक करणाऱ्यांची यादी उघडून मी एकेक नाव मोजत बसले होते. कोण आलं, कोण आलं नाही. त्या रात्रीनंतर फोटो टाकला नाही.

विद्यार्थ्यांना मात्र मी टाकू नका म्हणत नाही. मोठ्या आजारपणातून उठलेली आमच्यातली एक जण नुसत्या ताडासनाचे फोटो टाकते, आणि मी त्यांची वाट बघते. त्यात ती आदल्या आठवड्यापेक्षा जरा सरळ उभी असते.

माझा मोबाइल अजूनही कधीकधी चळतीला टेकतो. बाजूने व्हिडिओ काढते, गुडघा पाहते, पुसून टाकते. सध्या डोळे मिटून वृक्षासन करतेय. उघड्या डोळ्यांनी कितीही वेळ उभी राहू शकते. मिटले की चौथ्या-पाचव्या श्वासाला घोटा थरथरायला लागतो आणि पाय खाली येतो. काल सातपर्यंत गेले.