फिटनेस बँडसाठी चार्जर निवडताना: माझा अनुभव

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळायला लागलो आणि मनगटावर फिटनेस बँड आला. खोक्यात बँड आणि चुंबकाने चिकटणारी वीतभर केबल. भिंतीत लावायचा चार्जर हल्ली बरेच जण देतच नाहीत.

पळणाऱ्या मंडळींकडे सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणाला, "फास्ट चार्जर लावू नकोस, बँड जळेल." दुसरा म्हणाला, "काहीही लाव रे." माहितीपत्रकात लिहिलं होतं ५ व्होल्ट, १ अँपिअर. चार्जरवरचा अँपिअरचा आकडा याहून मोठा दिसला तरी घाबरायचं नसतं. चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच तो सांगतो. बँड हवा तेवढाच करंट ओढतो, कारण बॅटरी भरण्याचं काम आतल्या सर्किटकडे असतं. २ अँपिअरचा असला तरी चालतो, १ पेक्षा कमी नको. व्होल्ट मात्र ५च लागतात. धड बनवलेला फास्ट चार्जरसुद्धा समोरून मागणी आल्याशिवाय ९ व्होल्टवर जात नाही.

मला धास्ती होती ती बनावट मालाची. चार्जरच्या आत एका बाजूला घरातले २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला ५. त्यांच्यामधलं इन्सुलेशन हलकं निघालं, तर बँड राहू दे, केबलला हात लावणाऱ्याचं काय?

पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात दीडशेचा चार्जर पुढे आला. हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीसारखा हलका. "घ्या ओ बिनधास्त, काय होत नाय." मागची अक्षरं इतकी बारीक की मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचली. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण होती, आयएस १३२५२ हा मानकाचा क्रमांक होता, खाली 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही होता. तिथेच उभ्या उभ्या तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला. क्रमांक खरा होता, पण निघाला एका एलईडी दिव्याचा! दुकानदाराने स्क्रीन बघितला आणि गुपचूप दुसरा डबा काढला.

त्यातला एका मोबाईल कंपनीचा, ५ व्होल्ट २ अँपिअरचा साधा चार्जर घेतला. अ‍ॅपमधलं कंपनीचं नाव जुळलं, चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूणही होती. पैसे दुपटीपेक्षा जास्त गेले. माझ्या केबलचं टोक जुन्या चपट्या यूएसबीचं, म्हणून तसंच भोक असलेला शोधावा लागला. नवे बहुतेक टाईप-सीवालेच.

आता चार्जिंगला लावण्याआधी बँडच्या मागच्या पितळी ठिपक्यांवरचा घाम कोरड्या फडक्याने पुसतो, नाहीतर ते काळे पडतात. वळवाचा गडगडाट सुरू झाला की चार्जर बोर्डातून काढून ठेवतो. आणि उशीखाली चार्जिंग नाही, हे घरात पोरांनाही सांगून ठेवलंय.