तुडुमाचा गुट्टा

ऑक्टोबर लागला की तो मामा तलाव आठवतोच. मामा म्हणजे माजी मालगुजारी, सारा गोळा करणाऱ्या गावच्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या काळातला. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे गावागणिक असे तलाव, कोहळी समाजानं बांधलेले. 1951 ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नि तेव्हापासून पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, बेशरमीची झुडपं काढायची तरी एस्टिमेट लागतं.

धान निसवायला आलेलं, पाऊस गायब, बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा. खालच्या गावचे शेतकरी आमच्या ऑफिसातच येऊन बसले, साहेब पाणी सोडा नाहीतं धान पोचट जाते. गेलो. तलावाच्या गेटचा स्क्रू गंजून जाम, चौघं लटकले तरी चाक हलेना. दुरुस्तीत रंग मारला होता, ग्रीस नाही, कारण बिलात रंग दिसतो.

मग राहिला जुना तुडुम, पाणी सोडायची जुनी सोय. दगडी पायऱ्या, पायरीपायरीला भोक, भोकात लाकडी गुट्टा, म्हणजे बूच. पाणी उतरेल तसा खालचा काढत जायचा. आमच्या गेटपेक्षा शहाणी गोष्ट आहे, पण ऑफिसात हे बोलायची सोय नाही. वरची दोन भोकं उघडी पडलेली, तिसरा गुट्टा पाण्याखाली, आणि बुडी मारणार कोण तर ढिवरच, मासेमारी करणारे. त्यांच्याच संस्थेनं ऑगस्टमध्ये रोहू-कटल्याची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडलेली. त्या ढिवरांतले एक म्हातारे बाबा म्हणाले, "दोन रात्री सोडा साहेब, मंग बंद करा, मासोळी उरली पाह्यजे." मी हो म्हणालो. तिसऱ्या बुडीला गुट्टा निघाला, पाटात पाणी घुसलं, खालच्यांनी नारळ फोडला.

बंद करायला गेलो तर पाळीवर ठेवलेला गुट्टा गायब. विचारलं तर सगळे म्हणे, आमाले का माहीत. बाबा तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेलं पोतं घेऊन पुन्हा उतरले, पण भोकाची ओढ अशी की पोतं हातातून गेलं, हातही जाईल म्हणून मीच ओरडलो, सोडा बाबा. पाणी भोकाखाली उतरलं तेव्हाच थांबलं. तोवर बोटुकली बांध्यांत पोचलेली, पोरं टोपल्यांनी गाळत होती. तलावात उरलं ते मांडीभर पाणी नि बगळे.

धान जोरात झालं. रिपोर्टात भिजलेल्या हेक्टरचा रकाना होता, मासोळीचा नव्हता. शेऱ्यात मी लिहिलं, 'गुट्टा नादुरुस्त.' चोरी लिहिलं असतं तर दोन गावं पोलिसात गेली असती, असं तेव्हा वाटलं, अजूनही निम्मं वाटतं.

पुढच्या पावसाळ्याआधी गुट्टा सापडला, पाळीवर, ठेवला होता तिथेच, चांगला तेल पाजलेला. बाबांनी उचलला, हुंगला, नि म्हणाले, "जवसाचं हाये."