२०० तास झाले, आता आणखी किती?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुधा असा येतो: "सीपीएलचे (कमर्शियल पायलट लायसन्सचे) उड्डाणाचे २०० तास होत आलेत. एअरलाइनच्या भरतीसाठी अजून किती तास करून ठेवू?" पाठोपाठ आईवडिलांचा प्रश्न असतो, "अजून १०० तासांचे पैसे भरले तर नोकरी लवकर लागेल का?"

नाही लागत. आपल्याकडे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून उजव्या सीटवर बसायला सीपीएल पुरतं. १५०० तासांची अट आहे ती एटीपीएलसाठी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स), म्हणजे पुढे कॅप्टन होताना. अमेरिकेत २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारण १५०० तास लागतात. तिकडचे व्हिडिओ बघून नागपूरची मुलं घाबरतात, पण तो नियम आपल्याला लागू नाही. तुमच्या २०० तासांत काय काय बसलंय आणि ते किती ताजं आहे, यावर गाडी अडते.

आधी फोड बघा. २०० पैकी १०० तास पीआयसी (पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची) म्हणून हवेत. त्यात २० तास क्रॉस-कंट्री (विमानतळ सोडून लांबच्या ठरलेल्या मार्गावरचं उड्डाण), आणि एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेलं. १० तास इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडणं), त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर. रात्रीचे ५ तास, त्यात पीआयसी म्हणून १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग. हे सगळे २०० तास अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात.

मुलं फसतात ती पुढच्या टप्प्यावर. एअरलाइनच्या जाहिरातीत सीपीएलसोबत मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (लायसन्सवरची जादा परवानगी) मागितलेलं असतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला क्रॉस-कंट्री पीआयसी २० नव्हे, ५० तास लागतात आणि इन्स्ट्रुमेंटचे ४० तास, ज्यातले २० सिम्युलेटरवर चालतात. सीपीएलची यादी समोर ठेवून उडणारा विद्यार्थी २५-३० तास क्रॉस-कंट्रीवर थांबतो, उरलेलं पीआयसी सर्किट (विमानतळाभोवतीच्या फेऱ्या) मारण्यात घालवतो आणि शेवटी २०-२५ तासांचे पैसे परत मोजतो. पहिला सोलो (एकट्याने केलेलं उड्डाण) झाल्याच्या दिवशीच सीएफआयसोबत (चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर) बसून १०० पैकी ५० तास क्रॉस-कंट्रीत कसे बसवायचे, हे कागदावर मांडून घ्या. यापेक्षा मोठी बचत मला तरी माहीत नाही.

मार्ग निवडतानाही हिशेब करा. गोंदियाच्या बिर्सी विमानतळावरून नागपूर, तिथून रायपूर आणि परत गोंदिया, हा त्रिकोण सरळ रेषेत साधारण ३०८ नॉटिकल मैलांचा होतो. अट पूर्ण होते, पण जेमतेम. कुठे वळसा टाळून कोपरा कापला, किंवा रायपूरला हवा बिघडली म्हणून मधूनच परतलात, तर ते उड्डाण मोजलं जाणार नाही. नागपूर-रायपूर-जबलपूर-नागपूर साधारण ४३८ मैल भरतं. त्यात चूक पोटात घ्यायला जागा आहे, पण इंधनाचं नियोजन काटेकोर लागतं.

आता ताजेपणा. लायसन्स काढताना मागच्या सहा महिन्यांत पीआयसीचे १५ तास दिसावे लागतात, आणि स्किल टेस्टही त्याच काळातल्या हव्यात: दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची २५० मैलांची क्रॉस-कंट्री, रात्रीची १२० मैलांची. २०० तास मे महिन्यात पूर्ण झाले, एक पेपर किंवा आरटीआर (रेडिओ वापरण्याचा परवाना) बाकी राहिला आणि मग पाऊस लागला, की विदर्भात सप्टेंबर उजाडेपर्यंत रात्रीच्या टेस्टला हवा मिळेलच असं नाही. तोवर जुने तास सहा महिन्यांच्या बाहेर जाऊ लागलेले असतात. म्हणून नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर (७० टक्क्यांना पास) पहिल्या ५०-६० तासांच्या आत संपवा, आणि टेस्ट ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बसतील असं बघा. सकाळचं धुकं सोडलं तर आपल्याकडे उडायला त्याहून चांगला काळ नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, उंची १०३३ फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान धरलं जातं १३ अंश. नवतपात पारा ४५ ला गेला की फरक ३२ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले तर ३८४० फूट वाढले, म्हणजे विमानाच्या दृष्टीने तुम्ही जवळपास ४९०० फुटांवर उभे आहात. हीच डेन्सिटी अल्टिट्यूड. हवेचा दाब कमी असेल तर आणखी वर. सेसना १५२ मध्ये दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन दुपारी एकला निघालात तर टेक-ऑफला धावपट्टी जास्त लागेल आणि चढाईचा वेग बराच घटेल. तासांच्या घाईत दुपारची सॉर्टी (उड्डाणाची फेरी) मागू नका. सकाळी ६ ते ९ मध्ये घ्या. आणि हा हिशेब तोंडपाठ ठेवा, कारण मुलाखतीत "तुमच्या गावची डेन्सिटी अल्टिट्यूड काढा" हा प्रश्न अगदी साधा समजला जातो.

लॉगबुकबद्दल जरा थांबून सांगतो. २०११ मध्ये बनावट कागदांवर लायसन्स मिळवल्याची प्रकरणं देशभर उघड झाली. तुमची प्रत्येक नोंद विमानाच्या जर्नी लॉगशी आणि क्लबच्या ऑथरायझेशन बुकशी जुळली पाहिजे. सगळ्यात जास्त घोळ दशांशाचा होतो. हॉब्ज मीटरवर (विमानातलं तास मोजणारं घड्याळ) १.३ दिसतं ते १ तास ३० मिनिटं नसून १ तास १८ मिनिटं असतात. ५० सॉर्टींमध्ये हीच चूक होत राहिली तर १० तास हवेतच विरतात, आणि हे कळतं तेव्हा अर्ज भरून झालेला असतो. दर महिन्याच्या शेवटी बेरीज करून सीएफआयची सही घ्या. बाहेर देशात ट्रेनिंग केलं असेल तर तिथल्या प्राधिकरणाकडून पडताळणी, रेग्युलेशन्स आणि कम्पोझिट (नेव्हिगेशन-मीटिऑरॉलॉजी एकत्र) हे पेपर, आणि इथली स्किल टेस्ट, यांचे महिने आधीच गृहीत धरा.

मग १०० तास विकत घ्यावेत का? माझं स्पष्ट मत, नाही. बिगर-टाइपरेटेड (विशिष्ट मॉडेलच्या विमानाचं रेटिंग नसलेल्या) उमेदवारांच्या रांगेत २१० आणि ३१० यांत फारसं अंतर उरत नाही. त्या पैशात दर महिन्याला दोन-तीन तास उडत राहा आणि शक्य असेल तर मल्टी-इंजिन सिम्युलेटरवर सराव करा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि क्लास १ मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) दोन्ही दरवर्षी नवं करावं लागतं. जाहिरात आली त्या आठवड्यात मेडिकल संपलेलं असलं, की २०० काय आणि ५०० काय, अर्ज बाद. स्वखर्चाने ए३२० चं टाइप रेटिंग करायचा विचार असेल तर कोणत्या कंपन्या टाइपरेटेड उमेदवार घेत आहेत हे आधी बघा. वापराविना पडून राहिलेलं रेटिंगही जुनं होतं.

भरतीत साधारणपणे लेखी परीक्षा, संगणकावरची क्षमता चाचणी, गट-चर्चा, मुलाखत आणि सिम्युलेटर चेक असतात. लेखीत तुमचेच पेपर परत येतात, फक्त वेगाने. डोक्यातले हिशेब रोज करा. तीन अंशांच्या उतारावर ग्राउंड स्पीड १४० नॉट असेल तर त्याला ५ ने गुणा, मिनिटाला ७०० फूट उतरायचं. धावपट्टी ३२, वारा २९० वरून २० नॉट: ३० अंशांचा कोन, म्हणजे निम्मा, १० नॉट क्रॉसविंड, डावीकडून. कागद-पेन लागत असेल तर अजून तयारी झालेली नाही.

सिम्युलेटरमध्ये एअरबस किंवा बोईंग उडवता येते का, हे कुणी तपासत नाही. ऑटोपायलट काढून आयएलएस अप्रोच (रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरणं) देतात. तीन-चार महिने न उडलेला उमेदवार तिथे काट्यांच्या मागे धावतो: लोकलायझर (दिशेचा काटा) डावीकडे गेला की मोठा बँक (विमान कलवणं), मग उजवीकडे मोठा बँक, तेवढ्यात ग्लाइडस्लोप (उताराचा काटा) सुटतो. उपाय जुनाच आहे. नजर दर दुसऱ्या पावलाला अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) परत आली पाहिजे, दुरुस्ती ५ अंशांच्या आत, पॉवर एकदा ठरवली की हात स्थिर. परीक्षकाने चूक दाखवली तर स्पष्टीकरण न देता पुढच्या अप्रोचमध्ये ती सुधारून दाखवा. तो नेमकं तेच लिहून घेत असतो.

आणि जे अजून ११ वीत आहेत त्यांच्यासाठी: फिजिक्स-मॅथ्स नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) ते विषय देता येतात. पण फ्लाइंग स्कूलची पहिली मोठी फी भरण्याआधी क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल करून घ्या. डोळ्यांचा किंवा रंगदृष्टीचा दोष १०० तासांनंतर कळला तर ते पैसे कुणी परत देत नाही.