तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजच्या फुटबॉल संघानं ऑप्शन खेळावं का?

अटलांटात इतकी वर्षं राहिल्यावर आणि जॉर्जिया टेक या इथल्या कॉलेजचे अमेरिकन फुटबॉलचे सामने मैदानावर जाऊन बघितल्यावर हा प्रश्न चुकत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटणारी टेकची नवी मुलं विचारतात, ऑफिसातले अमेरिकन मित्र विचारतात, आणि माझ्यामुळे या खेळाचा नाद लागलेला पुण्यातला भाचा तर दर हंगामात विचारतो: "मामा, पॉल जॉन्सनसारखं ऑप्शन टेकनं परत सुरू करावं का? आणि टेकनं नाही, तर दुसऱ्या कुठल्या कॉलेजनं?" पॉल जॉन्सन म्हणजे 2008 ते 2018 टेकचे प्रशिक्षक, आणि ऑप्शन म्हणजे चेंडू घेऊन कोणी पळायचं हे ऐनवेळी ठरवायची त्यांची पद्धत.

माझं उत्तर आधीच सांगतो. ज्या कॉलेजला पहिल्या फळीचे खेळाडू मिळत नाहीत, त्यानं ऑप्शन जरूर खेळावं आणि पूर्ण जीव ओतून खेळावं. फक्त ते 2008 सालचं जसंच्या तसं उचलून आणू नये. असं का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं असतं. गेलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाहीतर समोरच्याला मिळतो. बहुतेक संघ हे अंतर फेकीनं कापतात. ऑप्शनवाले पळून कापतात. पण पळायचं कोणी, हे ते चेंडू हातात आल्यावर ठरवतात, आणि सगळी गंमत त्यात आहे. जॉन्सन यांच्या मांडणीत क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा गडी) सेंटरच्या, म्हणजे त्याला चेंडू देणाऱ्या गड्याच्या, अगदी पाठीशी उभा असायचा, त्याच्या मागं बी-बॅक नावाचा दणकट गडी आणि दोन्ही बाजूंना एक-एक चपळ ए-बॅक. चेंडू आला की क्वार्टरबॅक तो बी-बॅकच्या पोटाशी नेतो. क्षणभर चेंडूवर दोघांचेही हात असतात. त्या क्षणी क्वार्टरबॅकची नजर चेंडूवर नसतेच, ती असते समोरच्या बचावफळीतल्या एका ठरावीक माणसाच्या खांद्यांवर. या माणसाला मुद्दाम कोणीही अडवलेलं नसतं. तो बी-बॅकवर झेपावला की क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि बाहेरच्या बाजूला धावतो. तो जागेवर थांबला की चेंडू बी-बॅकचा. बाहेर दुसरा एक मोकळा सोडलेला बचावपटू भेटतो. तो क्वार्टरबॅकवर आला तर चेंडू बाजूनं धावणाऱ्या ए-बॅककडे जातो, ए-बॅककडे वळला तर क्वार्टरबॅक स्वतःच घुसतो. कबड्डीत चढाईला गेलेला गडी कोपरारक्षकाचा पाय बघून पुढचं पाऊल ठरवतो, तसं हे आहे. बचावातली दोन माणसं कोणी हात न लावता खेळातून बाद होतात, आणि त्यांना अडवण्यातून सुटलेले तुमचे दोन गडी पुढच्या फळीवर तुटून पडायला मोकळे होतात.

आता हे कोणी करावं? टेकचंच बघा. शहराच्या मधोमध कॉलेज, अभ्यास कठीण, खेळाडूलासुद्धा गणित सुटत नाही. सत्तर मैलांवर अथेन्समध्ये जॉर्जिया विद्यापीठ, आणि राज्यातल्या पहिल्या प्रतीच्या मुलांचा ओढा तिकडे. दीडशे किलोचे, तरीही पाय हलके असलेले लाइनमन (पुढच्या फळीत समोरच्याला अडवणारे गडी) देशभरात मोजके असतात आणि ते दरवर्षी त्याच त्या आठ-दहा कॉलेजांत जातात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. इथं पैशाच्या जागी अंगचं बळ आहे. जे आपल्याकडे नाही ते असल्यासारखं खेळत राहिलं, तर ज्यांच्याकडे ते खरोखर आहे ते तुम्हाला दर शनिवारी हरवणार. ऑप्शनला हलका पण चपळ लाइनमन चालतो. वेस्ट पॉइंटचा आर्मी आणि अ‍ॅनापोलिसचा नेव्ही हे लष्करी अकादमींचे संघ पिढ्यान्पिढ्या ऑप्शनवर तगले, ते म्हणूनच. त्यांच्या मुलांना पुढं अधिकारी व्हायचं असतं, वजनाला मर्यादा असते.

पॉल जॉन्सन नेव्हीतूनच टेकला आले. 2007 मध्ये त्यांच्या नेव्हीनं नोत्र दामला तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा खेळात) 46-44 असं हरवलं होतं. त्याआधी नेव्ही नोत्र दामकडून सलग 43 वर्षं हरत आली होती. टेकमधल्या पहिल्याच वर्षी, 2008 मध्ये, नऊ विजय आणि अथेन्समध्ये जाऊन जॉर्जियावर 45-42 अशी मात. 2009 मध्ये क्लेमसनला हरवून एसीसी या टेकच्या कॉन्फरन्सचं (कॉलेजांच्या गटाचं) विजेतेपद. पुढं पात्रतेच्या एका प्रकरणात ते कागदावरून पुसलं गेलं, पण तो सामना बघितलेल्यांच्या मनातून ते कोण पुसणार? 2014 चा संघ तर माझा सर्वांत आवडता. जस्टिन थॉमस नावाचा लहान चणीचा, विलक्षण वेगवान क्वार्टरबॅक. जॉर्जियाविरुद्ध शेवटचे 18 सेकंद उरले असताना टेक मागं पडली. थॉमस एकवीस यार्ड पळाला, हॅरिसन बटकरनं 53 यार्डांवरून लाथाडून बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये टेक 30-24 जिंकली. हंगामाचा शेवट ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात मिसिसिपी स्टेटवर 49-34 विजयानं झाला. असं वर्ष टेकच्या माणसाला रोज रोज मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ऑप्शन खेळणाऱ्या कॉलेजात फेक झेलणारी चांगली मुलं येणार कशाला? उत्तरादाखल मी डिमेरियस थॉमसचं नाव घेतो. जॉन्सन यांच्याच संघातून तो 2010 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीत निवडला गेला. त्याच्याकडे फेकी कमी यायच्या, पण यायच्या तेव्हा समोर एकटाच बचावपटू असायचा, कारण बाकीचे सगळे धाव अडवायला पुढं आलेले असायचे. तरी आक्षेप पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. अठरा वर्षांच्या मुलाला टीव्हीवर जे दिसतं तेच हवं असतं, आणि त्याच्या आईवडिलांनाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. ऑप्शनमध्ये चेंडू दीर्घकाळ तुमच्याकडे राहतो, घड्याळ पळत राहतं, त्यामुळे दोन्ही संघांना डावच कमी मिळतात. दुबळ्या संघाला हे सोयीचं. 2018 मध्ये आर्मीनं ओक्लाहोमाच्या मैदानावर जवळजवळ 45 मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला, आणि पुढं त्याच वर्षी हाइजमन करंडक (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकलेल्या त्यांच्या क्वार्टरबॅकला, कायलर मरेला, बाजूला उभं राहून बघत बसावं लागलं. आर्मी हरली, पण ओव्हरटाइममध्ये, 28-21. मात्र डाव कमी म्हणजे प्रत्येक चूक महाग. 2017 मध्ये टेनेसीविरुद्ध टेक 535 यार्ड पळाली, क्वार्टरबॅक टाक्वान मार्शलनं एकट्यानं पाच टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकापलीकडे नेणं, सहा गुण), आणि तरी टेक 42-41 हरली. निर्धारित वेळ संपताना एक फील्ड गोल (लाथेनं मारायचा तीन गुणांचा गोल) अडवला गेला, आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जॉन्सन यांनी बरोबरीवर न थांबता दोन गुणांसाठी घेतलेला धोका अंगावर आला. त्या रात्री पार्किंगपर्यंत आम्ही कोणी एकमेकांशी बोललो नाही. आणि संघ दोन टचडाउननं मागं पडला, घड्याळात पाच मिनिटं उरली, की ऑप्शनवाल्याचे हात बांधल्यासारखे होतात. 2024 मध्ये नोत्र दामनं आर्मीला 49-14 असं हरवलं, त्यात हेच दिसलं.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते आणि तिच्याबद्दल फार कोणी विचारत नाही. ऑप्शनमध्ये शिरणं आणि त्यातून बाहेर पडणं, दोन्हीला वर्षं लागतात. 2018 नंतर जॉन्सन निवृत्त झाले. नव्या प्रशिक्षकांच्या हाती आलेले लाइनमन पुढं झेपावून अडवायला शिकलेले होते, मागं सरकत क्वार्टरबॅकला वाचवायला नाही. 2019, 2020 आणि 2021, तिन्ही हंगामांत टेकचे विजय तीन-तीनच. 2019 च्या सप्टेंबरमध्ये तर सिटाडेल या खालच्या विभागातल्या छोट्या लष्करी कॉलेजनं आमच्याच मैदानावर येऊन टेकला ओव्हरटाइममध्ये 27-24 हरवलं. आणि सिटाडेल काय खेळत होतं? ट्रिपल ऑप्शन, म्हणजे हेच तीन पर्यायांचं ऑप्शन! नेब्रास्काचं उदाहरण याहून मोठं. टॉम ऑस्बोर्न यांनी ऑप्शनवर 1994, 1995 आणि 1997 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. 2004 मध्ये नव्या प्रशिक्षकांनी फेकीचं आक्रमण आणलं आणि 1961 नंतर पहिल्यांदा नेब्रास्काच्या वाट्याला जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त आले. म्हणून मी म्हणतो, कॉलेजनं निर्णय घेण्याआधी प्रशिक्षकाला किमान पाच वर्षांची खात्री द्यावी. दोन हंगामांत त्याला काढणार असाल तर या वाटेला जाऊच नका.

मग 2008 सालचं ऑप्शन जसंच्या तसं का नको? दोन गोष्टी बदलल्या. 2022 पासून नियम आला की कमरेखालचा ब्लॉक (समोरच्याला अडवणं) फक्त लाइनमन आणि जागेवर स्थिर असलेल्या बॅकनी घालायचा, तोही मधल्या ठरावीक पट्ट्यातच. बाहेरच्या बाजूला ए-बॅक आपल्यापेक्षा तीस-चाळीस किलो जड माणसाला पायात झेप घेऊन पाडायचा, ते गेलं. बाहेरची पिच, म्हणजे ए-बॅककडे जाणारी ती फेक, त्याच ब्लॉकवर उभी होती. दुसरी गोष्ट ट्रान्सफर पोर्टल. आता खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतो आणि बदलतोही. क्वार्टरबॅक आणि बी-बॅकचे हात एकाच चेंडूवर असतानाचा तो क्षण हजारो वेळा घोटावा लागतो, त्याला तीच माणसं तीन-चार वर्षं लागतात. अकादमींमध्ये मुलं सहसा टिकतात. आर्मीनं 2023 मध्ये शॉटगनमधून (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागं उभा राहतो त्या मांडणीतून) खेळून बघितलं, जमलं बेताचंच. 2024 मध्ये ते बरेचसे जुन्या वळणावर आले आणि त्यांच्या क्वार्टरबॅकनं, ब्रायसन डेलीनं, 32 टचडाउन स्वतः पळून केले. बारा सामने जिंकून आर्मीनं आपल्या इतिहासातलं पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद मिळवलं. पण आर्मीला जे परवडतं ते टेकला, किंवा ड्यूकला, किंवा नॉर्थवेस्टर्नला परवडेलच असं नाही.

या कॉलेजांसाठी खरा धडा नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टकडे आहे. 2023 मध्ये त्यांचे विजय दोन, पराभव दहा. त्यांनी काय केलं? न्यू मेक्सिको स्टेटमधून क्वार्टरबॅक डिएगो पाविया आणला, आक्रमणाचे प्रशिक्षक टिम बेक यांनाही तिथूनच आणलं. पद्धत आणि ती अंगात मुरलेला माणूस, दोन्ही एकदम, म्हणजे शिकवण्यात वर्षं गेली नाहीत. जे पोर्टल जुन्या ऑप्शनच्या मुळावर आलं, तेच त्यांनी कामाला लावलं. पाविया शॉटगनमध्ये उभा राहायचा, पण त्याची नजर मात्र त्याच एका मोकळ्या सोडलेल्या बचावपटूवर. 5 ऑक्टोबर 2024 ला क्रमांक एकवरच्या अलाबामाविरुद्ध त्यांनी 42 मिनिटं चेंडू राखला आणि 40-35 असा सामना जिंकला. अलाबामाला त्यांनी याआधी हरवलं होतं ते 1984 मध्ये! लोकांनी गोलपोस्ट उखडून रस्त्यानं मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत टाकले. मी तो सामना घरी बसून बघितला. तिसऱ्या प्रयत्नात चार-पाच यार्ड हवे असायचे आणि व्हँडरबिल्ट ते पुन्हा पुन्हा मिळवत होती. अलाबामाच्या धिप्पाड मुलांचे हात कमरेवर गेले होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

ऑप्शनमध्ये तळ्यात-मळ्यात चालत नाही, हेही मी प्रत्येकाला सांगतो. सामन्यात पाच-सहा डाव ऑप्शनचे आणि बाकी नेहमीचं, असं ठेवलंत तर दोन्ही कच्चं राहतं. समोरच्याला तयारीला आठवड्यातून चार दिवस मिळतात, त्यातले दोन फक्त तुमच्यासाठी खर्च व्हायला हवेत. हे तेव्हाच होतं जेव्हा ऑप्शन तुमची मुख्य भाकरी असते.

आता टेकपुरतं. ब्रेंट की हे स्वतः टेकचे जुने लाइनमन, मुख्य प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी संघ पुन्हा पळवण्यावर उभा केला. हेन्स किंग हा क्वार्टरबॅक फेकायचा चांगलं, पण दोन यार्ड हवे असले की खांदा खाली घालून स्वतः घुसायचा. 2025 मध्ये त्याच्या संघानं पहिले आठही सामने जिंकले. पोत जॉन्सन यांच्या काळाचाच होता, फक्त मांडणी आजची. त्या हंगामाबरोबर किंगची कारकीर्द संपली. त्यामुळे भाच्यालाही मी हेच कळवलंय: ए-बॅक आणि बी-बॅकची जुनी मांडणी टेकनं परत आणू नये. पोर्टलमधून क्वार्टरबॅक घेताना मात्र तो किती लांब फेकतो यापेक्षा, मोकळा सोडलेला माणूस अंगावर येताना तो चेंडू शेवटपर्यंत धरून ठेवतो का, हे आधी बघावं. आणि त्याच्या जोडीला तसाच दुसरा तयार ठेवावा, कारण या खेळात मार सर्वांत जास्त क्वार्टरबॅकच खातो, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जॉर्जिया असतंच.