बंदराचा लॉग, भाग ६: टपालपेटी एकदाची चालली

मागच्या भागात धक्क्याचं मेश (थ्रीडी मॉडेल) झालं होतं तिथून पुढे. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगातल्या आमच्या रोलप्ले सिमवर (म्हणजे जिथे आम्ही कॅरेक्टर बनून कथा खेळतो तो प्रदेश, आमचा एक बंदर) या दोन महिन्यांत नवीन बांधकाम जवळपास काहीच नाही, दीपगृहाचा जिना बदलला आणि वखारीचा लँड इम्पॅक्ट (जमिनीच्या ठरावीक कोट्यातून ती किती खाते तो आकडा) कमी केला एवढंच. सगळा वेळ गेला टपालपेटीत, आणि मला विचाराल तर आतापर्यंत बंदरावर केलेलं सगळ्यात कामाचं काम हेच.

आमच्याकडे जे नियमित रोलप्ले करतात ते वेगवेगळ्या टाइमझोनमधले, एकाची रात्र ती दुसऱ्याची सकाळ, त्यामुळे दीपगृहवाली आणि होडी दुरुस्त करणारा ही कॅरेक्टर कथेत शेजारी असूनही खेळणारे एकमेकांना वर्षभरात दोनदाच ऑनलाइन भेटलेत. मग सीन कसा होणार? आयएमवर (खाजगी मेसेजवर) ठरवून वेळ काढायचा प्रयत्न झाला, पण ठरवून आणलेल्या सीनमध्ये जो तो घड्याळाकडे बघत इमोट (कॅरेक्टर काय करतंय ते सांगणारी ओळ) टाकतो, त्यात जीव येत नाही. म्हणून मी माझं कॅरेक्टर बदलून घेतलं, सुतार होतो तो पोस्टमास्तर झालो, आणि म्हटलं पत्रं चालू करूया. आत बसून आतल्याच लोकांना पत्रं लिहिणं नवीन नाही म्हणा, लॅम्बडा-मू १९९० मध्ये सुरू झालं ते नुसत्या मजकुराचं जग, पण त्याच्या आत स्वतःची मेल होती आणि गावकीचे वादसुद्धा त्या मेलवरच चालायचे.

आता पेटी कशी चालते ते सांगतो, कारण दोघातिघांनी विचारलंय. पेटी म्हणजे एक साधा प्रिम (बांधकामाचा मूळ ठोकळा), त्यात एलएसएल स्क्रिप्ट (सेकंड लाइफच्या स्वतःच्या भाषेतला छोटा प्रोग्रॅम). एलएल-अलाऊ-इन्व्हेंटरी-ड्रॉप हे फंक्शन ट्रू केलं की मालक नसलेला माणूससुद्धा कंट्रोल दाबून आपलं नोटकार्ड (मजकूर लिहायचं कार्ड) त्या प्रिमवर ओढून टाकू शकतो (स्क्रिप्ट मात्र टाकू देत नाही, ते बरंच आहे). नोटकार्डाच्या नावात सुरुवातीला ज्याला पत्र त्याच्या कॅरेक्टरचं नाव. काही पडलं की चेंज्ड इव्हेंट (पेटीत बदल झाल्याची सूचना) येतो, स्क्रिप्ट नाव वाचते आणि पेटीवरचं छोटं निशाण वर होतं. ज्याचं पत्र त्याने पेटीला टच केलं की नोटकार्ड त्याला मिळतं, पेटीतली प्रत पुसली जाते, निशाण खाली.

पहिल्याच आठवड्यात तीन पत्रं अडकली. निशाण वर, माणूस टच करतोय, हातात काही येत नाही. दोन संध्याकाळी मी कोड चाळला आणि चूक कोडमध्ये नव्हतीच. नोटकार्ड पेटीत पडलं की त्याचा मालक मी होतो, म्हणजे लिहिणाऱ्याने ‘नेक्स्ट ओनर’च्या (पुढच्या मालकाला काय करता येईल त्या) परवानग्यांत ट्रान्सफरची खूण काढलेली असेल तर ते पत्र माझ्यापर्यंत येऊन तिथेच थांबणार, पेटी ते पुढे कुणाला देऊच शकत नाही. आता पत्र पडताक्षणी स्क्रिप्ट त्याची परवानगी तपासते, ट्रान्सफर नसेल तर नोटकार्ड ज्याने बनवलंय त्याला लगेच मेसेज जातो की खूण लाव आणि परत टाक. तेव्हापासून एकही अडकलेलं नाही. कुणी अशी पेटी करणार असाल तर ही तपासणी पहिल्या दिवशीच घाला.

याच्यापेक्षा मोठा प्रश्न निघाला तो विश्वासाचा. पेटी माझी, म्हणजे आतलं प्रत्येक पत्र मला उघडून वाचता येतं, आणि हे मी सगळ्यांना ओओसीमध्ये (कॅरेक्टरबाहेर, स्वतः म्हणून) आधीच सांगून टाकलं, न सांगता चालू केली असती तर ज्या दिवशी कळलं असतं त्या दिवशी गाव रिकामं झालं असतं. ठरलं असं की पोस्टमास्तरला पाकिटावरचं नाव तेवढं माहीत, आतलं काही माझ्या कॅरेक्टरच्या तोंडी आलं तर ते सरळ मेटागेमिंग (खेळणाऱ्याला कळलेलं कॅरेक्टरने वापरणं) धरायचं. मग एकाने विचारलं की माझं कॅरेक्टर चोर आहे, त्याने पत्र चोरलं तर? यावर तीन दिवस ग्रुप चॅट पेटलेला. काहींचं म्हणणं कथेत धोका नसेल तर कथा कसली, आणि एक जण ठाम होती की मी एका माणसासाठी लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं असेल तर ते मी ठरवणार. मला तिचं पटलं. तोडगाही तिनेच काढला, नावाच्या आधी चांदणी टाकली असेल तर ते पत्र कथेत चोरीला जाऊ शकतं, नसेल तर त्याला कुणी हात लावायचा नाही. गंमत बघा, आता निम्म्याहून जास्त पत्रांवर चांदणी असते! लोकांना आपली गुपितं फुटायला हवीच असतात, फक्त हो म्हणायचा हक्क आपल्याकडे पाहिजे.

जागेचं पण सांगतो. पोस्ट ऑफिस आधी टेकडीवर होतं, दिसायला फार सुंदर, पण लोक येऊन पत्र घेऊन टेलिपोर्ट करून जायचे. साध्या चॅटचा आवाज २० मीटरपर्यंत जातो, कुजबुज १० आणि ओरडणं १००, त्यामुळे टेकडीवर काय बोललात ते खाली कुणालाच दिसत नव्हतं. पेटी उचलून धक्क्यावर आणली, लँडिंग पॉइंटपासून (लोक जिथे येऊन उतरतात तिथून) १२ मीटरवर, आणि मध्ये एक बाक ठेवला. आता पत्र घ्यायला आलेला माणूस बाकावरचं बोलणं वाचतो, एखादा इमोट टाकतो, आणि तासभर बसतो. पेटीसाठी जेवढी स्क्रिप्ट लिहिली तेवढंच काम त्या बाकाने केलंय असं माझं मत.

दीपगृहवाली आणि होडीवाला यांची अकरा पत्रं झालीत. मी वाचलेली नाहीत. पण होडीवाल्याने परवा होडीला नवीन नाव रंगवलं, आणि ती ऑनलाइन आली तेव्हा धक्क्यावर कुणीच नव्हतं, तरी ती होडीपाशी बराच वेळ उभी होती. मग पेटीत आणखी एक पत्र पडलं, चांदणी न लावता.

पुढच्या भागात परगावची टपाल होडी करायचा विचार आहे, शेजारच्या रोलप्ले सिमवाल्यांशी बोलणं चालू आहे. दोन सिमच्या पेट्या एकमेकींशी बोलवायचा कुणाला अनुभव असेल तर सांगा, विशेषतः नोटकार्ड एका रीजनमधून (म्हणजे सिममधून) दुसऱ्यात पाठवायला तुम्ही काय करता ते.