हेडलाइटमधला गाळ

आमचं गॅरेज सांगलीत माधवनगर रोडला. पद्मिनी, अँबॅसिडर, एखादी जुनी जीप असली कामं जास्त येतात. मिरजेच्या एका डॉक्टरांना कधीपासून डुक्कर फियाट पाहिजे होती. आजच्या पोरांना माहीत नसणार म्हणून सांगतो, पन्नासच्या दशकातली फियाट ११००, पाठ गोल, गिअर स्टिअरिंगला, आणि पुढची दारं उलटी उघडणारी. तर अशी एक गाडी चेन्नईत ऑनलाइन लिलावाला निघाली. फोटो असले भारी की डॉक्टर दवाखान्यातनं दर तासाला मला एक पाठवायला लागले. काळा रंग, क्रोम चकचकीत, खाली लिहिलेलं 'कायम गॅरेजमध्ये ठेवलेली'.

मी म्हटलं डॉक्टर, इंजिनचं सोडा. १०८९ सीसीचं इंजिन, तेच पुढं पद्मिनीत आलं, पद्मिनी २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत होती आणि मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत पळाली, त्यामुळं पार्ट कुठनं ना कुठनं मिळतोच. ह्या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट नाही, बॉडीच चॅसी. दाराखालचा पत्र्याचा पोकळ बॉक्स आतनं सडला असेल तर वरनं कितीही पॉलिश मारा, जॅक लावला की दार बसायचं बंद. आणि हे फोटोत दिसत नाही.

मग लिलावाच्या दिवशी सकाळी, गाडी बघायला मुभा होती त्या वेळेत, तिथला एक म्हातारा मेकॅनिक गाठला. ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं नंबर दिलेला. त्याला हिंदी जेमतेम, मला तमिळ शून्य, पण व्हिडिओ कॉलवर दोन मिस्त्री समोरासमोर आल्यावर भाषा फार लागत नाही. मी अण्णा म्हणायचो, तोही मला अण्णा म्हणायचा. रुमालात लोहचुंबक गुंडाळून दाराखालनं फिरवायला लावलं. मागच्या चाकाकडं चिकटलं, आणि पुढं सरकवलं तर घसरून खाली. परत लावलं, परत खाली. सडका पत्रा झाकायला भरलेली बोटभर पुट्टी असणार, त्याशिवाय असं होत नाही.

तरी मला खटकत होतं ते वेगळंच. बाकी गाडी एवढी जपलेली आणि सीटच्या रेलचे बोल्ट तेवढे गंजून लाल कसे? म्हटलं अण्णा, हेडलाइटची रिंग काढ. लिलावाचा पोरगा नको नको करत होता, अण्णानं त्याला काय सांगितलं देव जाणे, पण स्क्रू सोडला. टॉर्च मारल्यावर दिव्यामागच्या वाटीच्या तळाला पिवळट गाळ, वाळून भेगा पडलेला.

सांगलीच्या मिस्त्रीला हे शिकवायला लागत नाही. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. त्यानंतर गावभागातनं, मारुती चौकातनं गाड्या आल्या त्या आम्ही किती दिवस धूत होतो. लोक सीट बदलतात, कार्पेट बदलतात, वास मारायला डांबरगोळ्या टाकतात, हेडलाइटच्या वाटीत मात्र कुणी हात घालत नाही. आणि हेडलाइटात गाळ म्हणजे दाराखालचा बॉक्स तर पूर्ण बुडालेला. डिसेंबर २०१५ ला चेन्नई बुडाली होती, तेव्हाचंच असेल असं मी छातीठोक नाही सांगणार, पण गाडी पाण्यात होती एवढं नक्की.

डॉक्टर म्हणाले, मिस्त्री, आता गप बसा, कुणाला कळू देऊ नका, म्हणजे स्वस्तात पडेल. माझीही तीच इच्छा, खोटं कशाला बोलू. पण अण्णा आमच्यापेक्षा सरळ निघाला, त्यानं तिथल्या तिथं लिलाववाल्यांना गाळ दाखवला. दुपारपर्यंत गाडीच्या माहितीत 'पाण्यात गेल्याची शक्यता' अशी ओळ चढली, डॉक्टर माझ्यावरच उखडले.

संध्याकाळी माझ्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून बसलो. लिलाववाल्यांचं प्रीमियम म्हणजे कमिशन, त्यावरचा जीएसटी, ट्रक, वेल्डिंग हा वरचा खर्च ध्यानात धरून बोली साडेचार लाखाच्या वर न्यायची नाही असं कागदावर लिहून डॉक्टरांची सही घेतली, कारण शेवटच्या मिनिटात बोली आली की घड्याळ परत वाढतं आणि तिथंच माणूस भान सोडतो. ती ओळ बघून बरेच जण आधीच पांगले असावेत, दोघंच उरले. आमची बोली चार लाख दहा हजारांवर गेली आणि समोरचा थांबला. डॉक्टरांनी टाळी वाजवली तोवर स्क्रीनवर आलं, राखीव किंमत, म्हणजे मालकानं आधी ठरवलेली कमीत कमी किंमत, गाठली नाही. म्हणजे गाडी विकलीच नाही!

चहा झाला, डॉक्टर गाडीत बसून निघणार तेवढ्यात फोन. मालक सर्वात वरच्या बोलीवाल्याशी बोलायला तयार आहे, चार तीस द्याल का. मी मान डोलावली, डॉक्टर हो म्हणाले.

कागदपत्रांचं रामायण वेगळंच, तिकडची एनओसी, इकडं सांगली आरटीओ. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली तर रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. हे ऐकून रोज दवाखान्याला फियाटनं जायची स्वप्नं बघणाऱ्या डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांनी अण्णाला मात्र ठरल्याच्या दुप्पट पैसे पाठवले, रागवून का होईना.

गाडी आता माझ्या शेडमध्ये स्टँडवर आहे, डावीकडचा बॉक्स कापलाय, घमेलंभर माती निघाली. डॉक्टर एकूण खर्चाचा आकडा मागतायत, फ्लोअर पूर्ण उघडल्याशिवाय मी तो सांगणार नाही.